दोरी खोटं बोलत नाही

बसा. त्या खोक्यावर नको, ते ओलं आहे. इकडे दिव्याजवळ या. भर दुपारी दिवा लावावा लागतो इथे. धुकं उतरलं की या दोरखोलीत आपलाच हात आपल्याला दिसत नाही.

बाबा येतीलच एवढ्यात. तुमच्या कमरेचं माप घेतील, गाठ कशी मारतात ते दाखवतील, आणि प्रत्येक नव्या पाणबुड्याला सांगतात तेच तुम्हालाही सांगतील, "पोरा, दोरी खोटं बोलत नाही." ते यायच्या आत मला तुम्हाला काही सांगायचं आहे. ऐकून घ्या आणि मग उद्या उतरायचं की नाही ते ठरवा. ऑफिसात तुम्हाला हे कुणी सांगितलं नसणार. सांगितलं असतं तर माझ्या भावाच्या जागेवर यायला तुम्ही तयार झाला नसता.

त्या दिवशी मी बाबांचा चष्मा द्यायला धक्क्यावर निघाले होते. एवढंच काम. सकाळची वेळ, आजच्यासारखंच धुकं. गल्लीतल्या भिंतींना ओल सुटली होती, दुकानांच्या पाट्यांवरून पाणी ठिबकत होतं. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने दुकानातूनच हाक मारली, "काय प्रोफेसरबाई, आज माशांचा तास का?" इथे सगळे मला प्रोफेसर म्हणतात. कॉलेजात जाऊन समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करून परत आलेली मी पहिलीच. त्याचं कौतुक चार दिवस टिकलं. मग त्याची थट्टा झाली.

खरं म्हणजे बाबांना धक्क्यावर चष्मा लागतच नाही. दोरी हातात आली की ते डोळे मिटून घेतात. चष्मा हे माझं निमित्त होतं. दादा त्या सकाळी गोदीच्या दाराखाली उतरणार होता, आणि आदल्या संध्याकाळी आम्हा तिघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं.

ते दार तुम्ही अजून जवळून पाहिलं नसेल. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, आतलं पाणी उपसायचं, म्हणजे जहाजाचं पोट उघडं पडतं आणि दुरुस्ती करता येते. पण दार खालच्या खाचेत नीट बसावं लागतं. त्या खाचेत गाळ साचतो, जुन्या दोरखंडांची लक्तरं अडकतात, आणि ती काढायला पाणबुड्या जातो. खाली गाळामुळे काहीच दिसत नाही. हातानेच बघायचं. वर पायऱ्यांवर दोरवाला बसतो. पाणबुड्याच्या कमरेला बांधलेली दोरी त्याच्या हातात. एकेकाळी हेल्मेटात फोन होता म्हणे. साहेब सांगतात, तो दुरुस्तीला दिलाय. जुनी माणसं सांगतात, तो दुरुस्तीला गेला तेव्हा साहेब शाळेत जात होते.

म्हणून सगळा भरवसा दोरीवर. एक ओढ म्हणजे "ठीक आहेस ना?" आणि एकाला एक हेच उत्तर, "ठीक." दोन म्हणजे आणखी दोरी सोडा. चार म्हणजे मला वर घ्या, आणि ही खूण फक्त खालचा माणूस देतो. वरच्या हवेच्या पंपाच्या नळीतून हवा तर जातच राहते. बुडबुडेही येतच राहतात, सुटात माणूस असो वा नसो. हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा.

लंब्याच्या वेळी हेच झालं होतं. लंब्या हा दुसऱ्या पाळीचा पाणबुड्या, दादाचा मित्र, काटकुळा आणि ताडासारखा उंच. त्याची दोरी अण्णांच्या हातात होती. अण्णा म्हणजे बाबांचे जन्माचे दोस्त. दोघे एकाच दिवशी गोदीत लागले. अण्णा ओढत होते, खालून उत्तर येत होतं. एकाला एक. पाळी संपली तरी लंब्या वर यायचं नाव घेईना, तेव्हा त्यांनी नळी ओढायला लावली. वर आला तो रिकामा सूट. हेल्मेट गळ्याशी बोल्टांनी आवळलेलं, जसं उतरताना आवळलं होतं तसंच. ते बाहेरूनच उघडतं, हे तुम्हाला सांगायला नको. कुठे फाटलेलं नाही, रक्ताचा टिपूस नाही. फक्त उजव्या मनगटाचं रबर सैल पडलेलं.

अण्णा शपथेवर सांगत होते की दोरी शेवटपर्यंत उत्तर देत होती. सगळ्या धक्क्यासमोर बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दोरी खोटं बोलत नाही अण्णा. माणूस बोलतो." दुसऱ्या दिवसापासून अण्णा कामाला आले नाहीत. ऑफिसने जाहीर केलं, लंब्या बायकोशी भांडून पळाला. त्याच्या चपला अजून पायऱ्यांवर जोडीने ठेवलेल्या होत्या.

मग गोदीचं पाणी उपसायच्या पंपाच्या जाळीत मला ते पिल्लू सापडलं.

पुस्तकात ज्याला समुद्री ड्रॅगन म्हणतात तो समुद्रघोड्याचा भाऊबंद. वीत-दीड वीत लांब, गरीब मासा. अंगावर शेवाळासारखी पानं, त्यामुळे शेवाळात लपतो. दात नसतात. तोंड म्हणजे एक लांब नळी. भक्ष्य जवळ आलं की त्या नळीतून घोटासारखं ओढून घेतो. चावत नाही, फाडत नाही. फक्त ओढून घेतो. जाळीतलं पिल्लू माझ्या हाताएवढं लांब होतं. पिल्लूच होतं, अंगावरचे काटे अजून मऊ होते. आणि त्याच्या अंगावर पानं नव्हती. जुन्या, भिजक्या, उसवलेल्या दोरखंडासारख्या झिपऱ्या होत्या. आपल्या या घाणेरड्या बंदरात शेवाळ उरलंय कुठे? इथे जे भरपूर आहे त्याचंच रूप त्याने घेतलं होतं.

त्याची शेपटी दोरीच्या एका तुकड्याला घट्ट विळखा घालून होती. ते मेलेलं होतं, मी स्वतः तपासलं होतं. सोडवायला म्हणून मी चिमट्याने तो तुकडा ओढला. शेपटीने एकदा मागे ओढलं. मेल्यावरही स्नायू आकसतात, मी स्वतःला समजावलं. मग मी दोनदा ओढलं.

दोनदा उत्तर आलं.

मी बरणीचं झाकण लावून टाकलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. समुद्रघोड्यांची जोडपी रोज सकाळी एकमेकांना भेटतात, एक जशी हालचाल करेल तशीच दुसरा करतो. तीच त्यांची ओळख, तीच माया. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नाही, म्हणून हा जीव शेपटीला शेपटी लावून ओढत असणार. एकाला एक. आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण त्याच्या घरात दोऱ्या सोडत आलोय, त्यांच्या टोकाला माणूस बांधून.

मी बरणी घेऊन साहेबांकडे गेले.

"वा! सुंदरच आहे हो," साहेब म्हणाले. "आमच्या मुलीला दाखवायला हवं."

"साहेब, हे पिल्लू आहे."

"मग मोठं कुठे आहे?"

"लंब्याला विचारा."

साहेबांनी बरणी टेबलावर ठेवली. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. लंब्या पळाला हे सगळ्यांना माहीत आहे."

"बाहेरून आवळलेल्या हेल्मेटातून?"

"बारीकच होता तो," साहेब म्हणाले.

ती बरणी अजून तिथेच आहे. तुम्ही भेटायला गेलात तेव्हा पाहिली असेल. तिच्या झाकणावर ते पेन ठेवतात.

मी मागत काय होते? गोदी बंद करा असंही म्हणत नव्हते. त्या आदल्या संध्याकाळी घरी मी बाबांना एवढंच म्हणाले, "उद्यापुरती खूण बदला. तुम्ही एक ओढा, दादाने तीन ओढायच्या. एकाला एक आलं की समजायचं, तो दादा नाही."

बाबांनी ताट सरकवलं. "खुणा माझ्या आजोबांच्या वेळच्या आहेत. धांदलीत एखादा तीनच्या जागी चार ओढून बसला तर? दोरीवर खेळ चालत नाही."

"अण्णांची दोरीही एकाला एकच बोलत होती बाबा."

"अण्णाचं नाव काढू नकोस या घरात."

मला तेव्हा कळलं. खूण बदलायची म्हणजे अण्णा खरं बोलत होते हे मान्य करायचं. बाबांना ते जमणार नव्हतं. मुलापेक्षा जड काही असतं का माणसाला? असतं. आपला शब्द.

दादा मात्र हसत होता. "शहाणे, तुझा तो दोरीचा बाहुला मला गिळणार? अगं मी कडू आहे. थुंकून टाकेल."

"जाऊ नकोस ना."

"दार बसलं नाही तर जहाज माघारी जाईल आणि सगळी पाळी घरी बसेल. मग तूच भाषण देशील, कामगारांचं काय म्हणून."

त्या वाक्याची चीड मला अजून येते.

तर मी चष्मा घेऊन पोचले तेव्हा तो खाली गेलेला होता. धुक्यातून आधी पंपाची धडधड ऐकू आली, मग पायऱ्या दिसल्या, मग बाबा. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसलेले, डोळे मिटलेले, दोरी दोन्ही हातांतून पाण्यात गेलेली. जरा बाजूला पंपवाला. खाली पाणी शिशासारखं, त्यावर बुडबुड्यांचा एक गुच्छ फुटत होता.

"चष्मा ठेव तिथे," बाबा म्हणाले.

"दादा कसा आहे?"

"गुडघ्यावर बसलाय. खाचेतलं काढतोय."

दोरीवरून ते हे सांगू शकायचे. खोटं नाही सांगत. त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट तरुणपणी दोरखंड ओढायच्या एका चरकात अर्धं गेलं होतं, तरी त्या हातासारखा हात या बंदरात नव्हता. फक्त एक होतं. त्या तुटक्या बोटामुळे ओढ संपताना दोरी किंचित घसरायची. ओढ, आणि तिच्यामागून एक बारीकशी थरथर. पाणबुडे तिला म्हाताऱ्याची सही म्हणायचे.

बाबांनी एक ओढ दिली. लगेच एक ओढ आली.

लगेच.

आता हे तुम्हाला कसं सांगू? माझा भाऊ आयुष्यात कशालाही लगेच उत्तर देत नव्हता. जेवायला बोलावलं तर तिसऱ्या हाकेला हलायचा. लहानपणी खोलीच्या दोन टोकांना आमच्या दोन खाटा होत्या. बाबांचा खेळ आम्ही चोरला होता. दादा माझ्या पायाच्या अंगठ्यात दोऱ्याचा फास अडकवायचा, दुसरं टोक स्वतःच्या अंगठ्याला. खुणा मात्र आमच्या होत्या. दोन आखूड ओढी आणि एक लांब म्हणजे "झोपलीस का?" तेव्हासुद्धा मी काही विचारलं की त्याचं उत्तर यायला इतका वेळ लागायचा की मी खरंच झोपून जायचे. दोरीवरही तेच. बाबा चिडायचे, "लेकाचा पाण्यातसुद्धा आळस करतो."

"बाबा, परत ओढा," मी म्हणाले.

"आत्ताच तर ओढली."

"ओढा ना."

त्यांनी ओढली. मी खाली वाकून दोरीला बोट लावलं. उत्तर आलं. एक ओढ... आणि तिच्यामागून एक बारीकशी थरथर.

"बाबा... ती थरथर..."

"काय?"

"ती तुमची आहे. तुमच्या बोटाची. खालून परत येतेय."

बाबांनी डोळे उघडले. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग ते हसले, अभिमानाने, आणि तेच मला विसरता येत नाही. "मुलगा कुणाचा आहे? माझीच ओढ शिकणार ना."

"दादाची बोटं शाबूत आहेत बाबा."

पंपाची धडधड चालूच होती. बुडबुडे येत होते.

"वर घ्या त्याला," मी म्हणाले.

"ठीक म्हणणाऱ्या माणसाला ओढून काढत नाहीत. मान दाराखाली असेल तर मान मोडेल."

"तो ठीक म्हणत नाहीये! तुम्हीच स्वतःला म्हणताय!"

"हळू बोल. त्याला दोरीतून कळतं."

मी दोरी हिसकली. दोरवाल्याच्या हातातली दोरी दुसऱ्याने धरायची नसते. पंपवाला "अहो बाई" म्हणत उठला. मी तीन ओढी दिल्या, थांबले, मग एक, आणि मग पुन्हा दोन. जगातल्या कुठल्याही धक्क्यावर या खुणेला अर्थ नाही. खाली माणूस असता तर गोंधळला असता, चिडला असता, चार ओढून वर आला असता आणि माझ्या कानाखाली वाजवली असती. मी देवाला मानत नाही, पण त्या घटकेला मी ती थप्पड मागत होते.

तीन ओढी आल्या. थोडी उसंत. एक. मग दोन.

थरथर या वेळी नव्हती. या वेळी त्या ओढींत माझी घाई होती.

बाबांचा चेहरा मी पाहिला नाही, पाहायचं धाडसच झालं नाही. त्यांनी माझ्या हातातून दोरी घेतली आणि ओढायला लागले. दोरी हलेना; दगडाला बांधल्यासारखी ताठ. "नळी," ते म्हणाले, "नळी ओढ रे..." पंपवाल्याने आणि मी नळी ओढली. ती सहज आली. इतकी सहज की आम्ही दोघं मागे पडलो.

आधी हेल्मेट वर आलं. त्याच्या काचेतून मला पलीकडचं धुकं दिसलं.

पायरीवर सूट ओघळून पडला. बोल्ट आवळलेले. पंपवाल्याने ते उघडले आणि आतून वास आला. मी कुजकटपणाची तयारी केली होती. वास आला तो ताज्या, नुकत्याच कापलेल्या काकडीचा. हिरवा, थंड, स्वच्छ. आत सगळं पुसून घेतल्यासारखं होतं. कमरेशी बाबांची गाठ नव्हती. दोरी कापलेली नव्हती, तुटलेली नव्हती. कुणीतरी गाठ सोडली होती. त्या गाठीला दोन हात लागतात.

आणि दोरी बाबांच्या मुठीतून अजून पाण्यात गेलेली होती. ती हलली. एक.

बाबांनी एक ओढ दिली.

एक.

साहेब धुक्यातून आले. त्यांनी सूट पाहिला, बाबांना पाहिलं, मला पाहिलं, आणि पंपवाल्याला विचारलं, "दार बसलं का?"

बसलं होतं. दादा काम पुरं करून गेला होता. दुपारी दार पुन्हा उघडून जहाज आत घेतलं.

ऑफिसच्या म्हणण्याप्रमाणे माझा भाऊही पळाला. लंब्याच्या आणि त्याच्या पळून जाण्यात साहेबांना एक साम्य सापडलं, की दोघांच्याही घरी कटकट होती. आमच्या घरची कटकट म्हणजे मी. मी एकेका पाणबुड्याच्या दारात गेले. सगळ्यांनी आत बोलावलं, चहा दिला, वाईट झालं म्हणाले. काम थांबवू या म्हटल्यावर कुणाला बाळाला झोपवायचं होतं, कुणाला नळ दुरुस्त करायचा होता. अण्णांच्या घरी गेले, तर ते दारातच म्हणाले, "तुझ्या बापाला पाठव. तो येऊन बोलला तर मी बोलेन." बाबा गेले नाहीत. मी माणसांसाठी लढायला शिकले होते. माणसंच लढायला तयार नसली तर काय करायचं, हे कॉलेजात शिकवत नाहीत.

बाबांनी दोरी लोखंडी खुंट्याला बांधली आणि रोज तिथे जाऊन बसू लागले. ओढायचे, उत्तर घ्यायचे, मान हलवायचे.

"तो दादा नाहीये बाबा," मी ओरडले एकदा.

"मग उत्तर कोण देतं?"

"ज्याने त्याला खाल्लं तो!"

बाबांनी आणखी एक ओढ दिली, उत्तर घेतलं. मग अगदी हळू म्हणाले, "मग आत असेल... आतून ओढत असेल."

त्या दिवशी संध्याकाळी मी सुरी घेऊन धक्क्यावर गेले. दोरी कापायची, बस. बाबांची सुटका, माझी सुटका. धक्क्यावर कुणी नव्हतं. मी पायऱ्यांवर बसले, डाव्या हाताने दोरी धरली, सुरी लावली. एक पीळही कापला नव्हता तोच ती हलली.

दोन आखूड. एक लांब.

हे बाबांना माहीत नाही. आई होती तोवर तिलाही कधी कळलं नाही. या दोरीवर मी ते कधी ओढलेलं नाही. तो जीव मिळेल तेवढंच परत देतो, हे मी पैजेवर सांगते, ते पिल्लू मी पाहिलंय. मग हे त्याला कुणी दिलं?

साहेबांना मी आंधळे म्हणाले होते. बाबांना म्हणाले होते, अख्ख्या गोदीला म्हणाले होते. आणि मी सुरी पदराआड लपवून घरी आले. उत्तर दिलं नाही, पण दोरीही कापली नाही. तेव्हापासून कालपर्यंत रोज संध्याकाळी ते विचारत होतं. आणि मी रोज ऐकायला जात होते.

मग दोरी सैल व्हायला लागली. रोज थोडी थोडी. बाबा आलेली दोरी गुंडाळून ठेवायचे आणि घरी येऊन सांगायचे, "पोरगा वर येतोय." जेवताना त्याचं ताट मांडायला लागले. तिसऱ्या हाकेला येतो ना, म्हणायचे, आपण हाका मारत राहायच्या.

आज सकाळी दोरीचं टोक वर आलं. खाली काहीच नाही. नुसतं टोक, शेवटच्या पायरीवर, पाण्याच्या बाहेर आणून ठेवल्यासारखं. बाबा रडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी दोरी खांद्यावर घेतली, इथे आणली, त्या खोक्यावर ठेवली आणि हात फिरवून म्हणाले, "कुठे घासलेली नाही. चांगली आहे. नव्या पोराला हीच बांधू."

म्हणून ते खोकं ओलं आहे. तिथे ती वेटोळं घालून पडली होती. तुम्ही आलात तेव्हा मी ती खाली, तुमच्या पायाशी सरकवली.

हसताय? हसा. दादाही असाच हसला होता. दार उद्याही बसवायचंच आहे, जहाज आलंच आहे, तुम्हालाही घर असेल. मला सगळी उत्तरं पाठ आहेत. फक्त जायच्या आधी हे टोक बघा. दिवा खाली घ्या. वास येतोय ना? काकडी. आता नीट बघा, बाबांची गाठ नाही ही. तीन पिळांतला एक पीळ उसवून त्याचा लहानसा फास केलाय. बाबा म्हणतात, पाण्याने उसवलं असेल. पाण्याला फास करता येत नाही. असा फास करणारा मला एकच माणूस माहीत आहे, आणि त्याने तो केला तेव्हा मी पाच-सहा वर्षांची असेन.

तुम्ही यायच्या जरा आधी मी दार लावून घेतलं आणि चप्पल काढली. तेव्हाच्या माझ्या अंगठ्याला हा फास फार मोठा झाला असता.

आजच्या अंगठ्याला बरोबर बसतो.